आधी गोळी की आधी स्लाईड?

आमच्या घरात दोन डॉक्टर आहेत आणि रक्ताच्या बाबतीत त्यांचं एकमत नाही. मामांची सगळी नोकरी नंदुरबार जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि वरच्या पाड्यांतही. धाकटी बहीण पुण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. तिचा दिवस मायक्रोस्कोपपाशी जातो. ‘रक्त कमी आहे’ हे वाक्य दोघांच्याही कानांवरून हजारदा गेलेलं. पण त्यापुढे काय करायचं, यावर दोघं एकमेकांना हार जात नाहीत. मी डॉक्टर नाही, पण एका बैठकीत दोघं सापडले, तेव्हा जे कानावर पडलं ते उतरवून घेतलं. सुरुवात सरकारी पाहणीच्या आकड्यावरून झाली.

मामा : २०१९-२१ची कुटुंब आरोग्य पाहणी काय म्हणते? १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींचं रक्त कमी. पाच वर्षांखालच्या पोरांत ६७. आता एवढ्या लोकांच्या तू एकेक स्लाईडी बघत बसणार? अशा ठिकाणी गोळी द्यायची, जंताचं औषध द्यायचं आणि पुढच्या पाड्यावर जायचं.

भाची : तो आकडा बोट टोचून काढलेल्या थेंबाचा आहे, मामा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळलं की रक्तात पाणी उतरतं आणि एचबी आहे त्यापेक्षा कमी दिसतं. २०१६ ते १८मध्ये मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी झाली, तिच्यात शिरेतून रक्त घेतलं. एक ते चार वयाच्या मुलांत ४१ टक्के निघाले. वयोगट जरा वेगळा, वर्षंही वेगळी, तरी ६७ आणि ४१ यांतली दरी तेवढ्यानं भरत नाही.

मामा : ४१ काय थोडे झाले?

भाची : थोडे नाहीत. पण त्याच पाहणीतला पुढचा तक्ता बघा. १० ते १९ वयाच्या मुलामुलींत लोह कमी असलेले २२ टक्के, बी-१२ कमी असलेले ३१ आणि फॉलेट कमी असलेले ३७. आणि आपण शाळेत निळी गोळी वाटतो ती कशाची? लोह आणि फॉलिक ॲसिडची. बी-१२चा त्यात कण नाही.

मामा : पण लोह आहे ना? फॉलिक आहे ना? तीनातली दोन तर भागली. माझ्याकडे सुरुवातीला काय होतं सांगू? साहलीची नळी. त्यात आम्लाचे थेंब, त्यावर पिपेटनं तोंडानं ओढलेलं वीस मायक्रोलिटर रक्त. दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत काडीनं ढवळायचं. शेजारी तपकिरी काच असते, तिच्या रंगाशी नळीतला रंग जुळला की आकडा वाचायचा. खिडकीपाशी उभं राहून वाचला तर नऊ, आत टेबलावर वाचला तर दहा. पावसाळ्यात तर विचारूच नकोस. त्या नळीच्या जोरावर मी बाळंतपणं पार पाडली.

भाची : त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण त्या नळीनं तुम्हाला एवढंच सांगितलं की रक्त कमी आहे. कशामुळे कमी, ते नाही सांगितलं.

मामा : ते माझ्या डोळ्यांनी सांगितलं. बाई पाचव्यांदा गरोदर, शेतात अनवाणी, जेवणात भाकर आणि मिरची. अजून काय सांगायला हवं?

इथे मामांचं खोडून काढता येत नाही. जिथे बरेचसे रुग्ण एकाच कारणाचे असण्याची शक्यता आहे, तिथे आधी तेच कारण धरून चालणं हा अडाणीपणा नाही. त्यांच्या आयुष्यातला बराच काळ दुसरा उपायही नव्हता. पण बहिणीचा मुद्दा पुढे आला तो असा.

भाची : आता साहली गेली. केंद्रात घेतलेली जांभळ्या टोपणाची नळी लॅबला जाते आणि मशीनमधून अख्खा सीबीसी येतो. त्यावर वीस-बावीस आकडे छापलेले असतात. डॉक्टर त्यातला पहिला वाचतात, रुग्ण तर तोच वाचतो, आणि कागद घडी घालून पिशवीत जातो. बाकीच्या आकड्यांचे पैसे भरलेत की तुम्ही! ते तरी वाचा. समजा दोन बायका आल्या. पहिलीचं एचबी ८.६, तांबड्या पेशी ४० लाख, एमसीव्ही ७०, आरडीडब्ल्यू १९. दुसरीचं एचबी ११.२, पेशी ५८ लाख, एमसीव्ही ६२, आरडीडब्ल्यू १४.८. बोला.

मामा : दोघींच्याही पेशी बारीक. एमसीव्ही म्हणजे पेशीचा सरासरी आकार, ८० ते १०० हवा. दोघींना लोह.

भाची : तिथेच घोळ होतो. लोह नसलं की हाडांतल्या मज्जेला मालच मिळत नाही. ती पेशी बारीकही बनवते आणि कमीही बनवते. काही आधी बनलेल्या जुन्या, बऱ्या आकाराच्या, काही नव्या चिमुकल्या, म्हणून आकारात सरमिसळ फार. आरडीडब्ल्यू ही त्या सरमिसळीचीच मोजणी. पहिलीचं तसंच आहे. दुसरीकडे बघा. पेशी इतक्या बारीक, आणि संख्या मात्र ५८ लाख! एचबी जेमतेम एका अंकानं कमी. आकारही बहुतेक सारखाच बारीक. हा थॅलेसेमिया मायनर वाटतो. एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षातल्या संख्येनं भागायचं. पहिलीचं ७० भागिले ४, साडेसतरा. दुसरीचं ६२ भागिले ५.८, साधारण पावणेअकरा. तेराच्या वर गेलं तर लोह, खाली आलं तर थॅलेसेमिया. मेंट्झर नावाच्या डॉक्टरनं १९७३ साली मांडलेला हिशेब आहे. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरतो.

मामा : आणि तो चुकतोही.

भाची : चुकतो ना. म्हणून तो इशारा समजायचा. निकाल एचपीएलसीचा. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे होतात. ए-टू नावाचा प्रकार साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेला की बीटा थॅलेसेमियाचा वाहक. पण त्यातही एक मेख आहे. त्याच बाईला लोहही कमी असेल, तर ए-टू खाली येतो आणि रिपोर्ट नॉर्मल निघतो. म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा बघून, लोह भरून, मग पुन्हा बघायचं.

मामा : बरं, मायनर निघाला. मग? त्याला औषध काय?

भाची : काहीच नाही.

मामा : हे बघ! एवढा उपद्व्याप करून औषध काहीच नाही. माझी गोळी खाल्ली असती तर काय बिघडलं असतं?

भाची : तिचं एक वेळ फार बिघडलं नसतं. वर्षानुवर्षं ‘गोळ्या घेत नाहीस, भाजी खात नाहीस’ म्हणून बोलणी खाल्ली असती तेवढीच. बिघडतं पुढच्या पिढीचं. नवराही वाहक असला तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता थॅलेसेमिया मेजरची. मग त्या पोराला आयुष्यभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि चढवलेल्या रक्तातलं साठलेलं लोह काढायला वेगळं औषध. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांना विचारा, मुंबईतल्या कच्छी भानुशाली आणि लोहाणा समाजाला विचारा. त्यांच्याकडे लग्नाआधी ए-टू विचारणारे लोक आहेत, ते काही हौस म्हणून नाही.

मामा : माझ्याकडे सिंधी नव्हते. भिल्ल होते, पावरा होते.

भाची : त्यांच्यात सिकलसेल. आणि अल्फा थॅलेसेमिया, तोही पेशी बारीक करतो आणि एचपीएलसीत ए-टू मात्र नॉर्मलच ठेवतो. तुमच्या ‘गोळी लागू पडत नाही’च्या यादीत असे किती असतील!

मामा थोडा वेळ गप्प होते. सिकलसेलचं त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. गुडघे धरून रडणारी पोरं त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत, विदर्भातल्या डॉक्टरांनीही पाहिली. त्यावर ते बोलले ते मात्र वेगळ्याच अंगानं.

मामा : सिकलच्या बाबतीत मी तुझ्याहून पुढे होतो, हे लक्षात ठेव. सोल्युबिलिटी टेस्ट आम्ही पाड्यावर करायचो. नळीत द्रावण, त्यात रक्त, पाठीमागे रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ झालं, रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. लॅब नाही, वीज नाही.

भाची : आणि पॉझिटिव्ह आलेला वाहक आहे की रोगी, ते?

मामा : ते नाही कळत. मान्य. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवायचो आणि रिपोर्टची वाट बघायचो. ज्याची वाट बघायची तो माणूस तोवर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला.

भाची : हेच तर म्हणते. सिकलचा रोगी असेल तर त्याचं एचबी आठ असणं हे त्याचं रोजचंच असू शकतं. तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून ते कमी आहे. रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्या जन्मलेल्या पेशी मोजल्या की कळतं, मज्जा धडाधड माल काढते आहे. लोहाच्या रुग्णात तसं नसतं. पेशी फुटतात तेव्हा बिलिरुबिन वाढतं, एलडीएच वाढतं. त्यात त्याला वरचेवर रक्त चढवलेलं असलं तर अंगात लोह आधीच जास्त, आणि आपण वर गोळी देतो.

मामा : पण सिकलवाल्यालाही लोह कमी असू शकतं. कुपोषण काय सिकल बघून येतं?

भाची : येत नाही. म्हणूनच फेरिटिन.

मामा : फेरिटिन, फेरिटिन! तुझा तो देव आहे. क्षयाच्या रुग्णाचं बघितलंस कधी?

या ठिकाणी मामांनी बहिणीला पेचात पकडलं आणि ते त्यांना ठाऊक होतं. फेरिटिन हा अंगातल्या लोहाच्या साठ्याचा सगळ्यात उपयोगी आकडा; मोठ्या माणसात १५च्या खाली गेला की साठा संपला, याबद्दल वाद नाही. पण ताप, जंतुसंसर्ग, सांधेदुखी, क्षय असं काही चालू असलं की फेरिटिन आपोआप वर चढतं. साठा रिकामा असूनही आकडा साठ-सत्तर दाखवतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०च्या मार्गदर्शनात अशा आजारी माणसासाठी रेषा ७० वर नेली.

भाची : सोबत सीआरपी करायचा, म्हणजे सूज आहे की नाही ते कळतं. टीआयबीसी बघायचा, म्हणजे रक्ताची लोह धरायची ताकद. लोह खरंच नसलं तर तो वाढतो, लोहासाठी रक्त आसुसलेलं असतं. जुनाट आजारात तो उतरतो. तिथे लोह कोठारात असतं, पण कोठाराला कुलूप असतं. क्षयाच्या रुग्णाला नुसत्या गोळ्या देऊन एचबी का वाढत नाही, याचं उत्तर त्यात आहे. आधी क्षय बरा करायचा.

मामा : तेवढं मला टीआयबीसीशिवाय माहीत होतं. खोकला ऐकला की.

भाची : आणि मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या माणसाला खोकला नसतो, मामा. त्याच्या पेशी आकारानं अगदी व्यवस्थित असतात. क्रिएटिनिन केल्याशिवाय कळायचं नाही.

मामा : बरं. आता माझं ऐक. तू म्हणतेस आधी तपासणी, मग गोळी. मी म्हणतो गोळी हीच तपासणी. लोहच कमी असेल आणि बाई गोळी नेमानं घेत असेल, तर महिन्याभरात एचबी एक ग्रॅमनं वाढलंच पाहिजे. वाढलं, तर निदान बरोबर. इतकं स्वस्त निदान तुझ्या कुठल्या मशीनमध्ये आहे?

भाची : अगदी मान्य. पुस्तकातही तसंच आहे. पण महिन्यानं ती बाई परत येते का? तुमच्या रजिस्टरमध्ये पहिल्या एचबीचा रकाना काठोकाठ भरलेला असायचा. दुसरा?

मामा हसले. (खरं तर हा प्रश्न सगळ्या योजनांना विचारायला हवा. गोळ्या किती वाटल्या हे आपण लाखांत सांगतो. कुणाचं रक्त वाढलं नाही, त्यांची यादी कुणाकडेच नसते. आणि निदान त्या यादीतच दडलेलं असतं.)

मामा : दुसरा रकाना कमी भरायचा. बाई गोळी घेते म्हणते आणि घेत नाही, कारण शी काळी होते, मळमळतं. नाहीतर गोळी चहाबरोबर घेते, म्हणजे घेऊन न घेतल्यासारखी. म्हणून ‘वाढलं नाही’ याचा अर्थ लगेच ‘लोह नव्हतं’ असा नाही. पण यात तुझी मशीन काय करणार?

भाची : मशीन नाही, स्लाईड. तुम्हाला दाखवतेच. रक्ताचा थेंब काचेच्या एका टोकाला, दुसरी काच तिरकी धरून त्याला टेकवायची, थेंब कडेनं पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे सरकवायची. हात अडखळला की आडव्या लाटा उमटतात आणि स्लाईड फुकट. बरोबर ओढली तर शेवट जिभेसारखा निमुळता होतो. वाळवायची, लीशमनचा रंग घालायचा, बफरचं पाणी घालायचं, धुवायची. मग त्या जिभेच्या टोकाच्या जरा अलीकडे बघायचं, जिथे पेशी एकमेकींवर चढलेल्या नसतात. शेजारी एखादा छोटा लिम्फोसाइट शोधायचा. त्याचं केंद्रक हे माझं माप. तांबडी पेशी साधारण तेवढी हवी, आणि मधला फिकट भाग तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. लोहाच्या बाईत तो फिकटपणा काठापर्यंत पसरतो, नुसती कडी उरते, मध्ये पेन्सिलीसारख्या लांबट पेशी. थॅलेसेमियात पेशीच्या मधोमध ठिपका, नेमबाजीच्या लक्ष्यासारखा. आणि बी-१२ नसेल तर तांबड्या पेशी मोठ्या, लांबोळ्या, आणि पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे पाच-सहा तुकडे. असा एक सहा तुकड्यांचा न्यूट्रोफिल दिसला की मी एमसीव्हीकडे बघतही नाही.

मामा : का? एमसीव्ही वाढलेला असणारच की.

भाची : तीच तर गंमत. लोहही नाही आणि बी-१२ही नाही, अशी बाई आली तर? एकानं पेशी बारीक होते, दुसऱ्यानं मोठी. सरासरी निघते ८८. अगदी नॉर्मल! छापील रिपोर्टवर एमसीव्हीपुढे ना वरचा बाण ना खालचा. फक्त आरडीडब्ल्यू २२ ओरडत असतो, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. पुण्यात शाकाहारी घरांतून असे किती येतात! दूध म्हणजे चहात घालण्यापुरतं. त्यांना लोहाची गोळी दिली की थोडं वाढतं आणि अडतं. कुणी औषधाच्या दुकानातून फॉलिकची पाच मिलिग्रॅमची गोळी घेतं, त्यानं रक्त सुधारतं आणि बी-१२चं दुखणं नसांमधून पुढे सरकत राहतं. पायाला मुंग्या, चालताना तोल. रक्त सुधारलेलं म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

मामा : शाळेच्या गोळीत अर्धाच मिलिग्रॅम असतो. सरकारला दोष देऊ नकोस. आणि फॉलिकला नावं ठेवू नकोस, ते आपल्या मुंबईतच सापडलं.

भाची : सापडलं कसं, ते सांगा ना! लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ला मुंबईत आली. गरीब घरच्या गरोदर बायका, गिरण्यांत राबणाऱ्या, भयंकर रक्तक्षयानं मरत होत्या. पेशी मोठ्या होत्या, म्हणजे लोहाचं काम नाही. त्या काळी मोठ्या पेशींच्या रक्तक्षयावर यकृताचा अर्क देत. शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडेना. म्हणजे पेशी तशाच, पण आजार वेगळा! तिनं उंदरांवर प्रयोग केले, माकडांवर केले, शेवटी यीस्टचा अर्क, तो बाजारातला मार्माइट, बायकांना दिला आणि रक्त भराभर वाढलं. १९३१ साली तिनं ते छापलं. त्यातलं द्रव्य म्हणजे फॉलेट, हे कळायला पुढे दहा-बारा वर्षं गेली. आता सांगा, तिनं सगळ्यांना सरसकट लोह दिलं असतं तर?

मामा : तिनंही शेवटी औषध देऊनच बघितलं ना? मार्माइट देऊन रक्त वाढतं का, हीच तिची तपासणी. माझीच पद्धत.

भाची : पण आधी स्लाईड बघून!

हा प्रश्न तसाच राहिला, कारण लुसी विल्स दोघांच्याही बाजूची निघाली. मला विचाराल, तर मामा गोळी लगेच सुरू करतात ते बरोबर आहे. त्यांचं चुकतं ते गोळी सुरू केल्यावर कागदाकडे पाठ फिरवण्यात. बहिणीचं चुकतं ते तिच्याकडे येणारा प्रत्येक रुग्ण आधीच कुणीतरी गाळून पाठवलेला असतो, हे विसरण्यात. पाड्यावर शंभरांत जे दिसतं ते तिच्या टेबलावर दिसत नाही.

मामांनी मग पन्नाशी उलटलेल्या पुरुषांचा विषय काढला. अशा माणसात लोह कमी निघालं तर लोह भरून थांबायचं नाही, रक्त कुठून जातंय ते आतड्यात दुर्बीण घालून शोधायचं, कर्करोग असू शकतो. यावर बहीण एक शब्दही बोलली नाही. तेवढ्यात मामांना काहीतरी आठवलं.

मामा : धडगावकडची एक आशाताई अजून मला फोन करते. तिच्या पाड्यावरची एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. तीन महिने गोळ्या झाल्या, ताईनं समोर उभं राहून खायला लावल्या. एचबी १०.९चं ११ झालं. मी म्हटलं अजून तीन महिने दे.

भाची : सीबीसी आहे?

मामा : फोटो पाठवलाय. थांब. पेशी साडेपंचावन्न लाख. एमसीव्ही ६४.

भाची : साडेअकरा! मामा, तेराच्या खाली आहे. फेरिटिन पाठवा आणि एचपीएलसी पाठवा. अल्फा असेल तर एचपीएलसीत सापडायचा नाही, ते पुढचं पुढे. स्लाईड तिथेच ओढून ठेवायला सांगा, नळी इथे येईपर्यंत पेशी फुगतात.

मामा : तिचं लग्न ठरलंय.

भाची : मग मुलाचंही रक्त हवं.

मामा : मुलाकडचे म्हणतील, मुलीत खोट निघाली म्हणून आमच्याकडे आलात.

भाची : मग मुलाकडूनच सुरुवात करा.

मामा : सांगतो त्याला, लग्नाआधी दोघांचं रक्त तपासायचा सरकारी नियम आलाय म्हणून.

भाची : असा नियम नाही आहे.

मामा : त्याला कुठे माहीत आहे?

भाची : मामा! सिकलसेलच्या मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी फुकट आहे, तेवढं खरं सांगितलंत तरी तो येईल. नळी घेतलीच आहे तर ती एचपीएलसीला टाका. त्याच कागदावर सिकलही दिसेल आणि ए-टूही.